पहारा बदलायला हवा

जुलै लागला की आमच्याकडच्या शाळांच्या मैदानांवर संध्याकाळी ढोल बाहेर येतात. वर्षभर खोलीत एकावर एक रचून ठेवलेले, पानं सैल पडलेले. पहिले दोन दिवस दोऱ्या ओढण्यात जातात. मग सराव सुरू होतो आणि त्याच आठवड्यात कधीतरी एक निवड उरकली जाते. सर विचारतात, "ताशाला पुढे कोण?" चार-पाच बोटं एकाच मुलाकडे वळतात. ज्याची तर्री, म्हणजे ताशावरचा सलग जलद कडकडाट, सगळ्यांत साफ तो ताशाप्रमुख. ज्याचा ठोका सगळ्यांत दणकट, तो ढोलांच्या पहिल्या रांगेचा प्रमुख. झांजांना एका उंचीच्या मुली उभ्या करतात, त्यांतली वरच्या वर्गातली असेल ती प्रमुख. दोन मिनिटांत विषय संपतो. पुढे गणपतीपर्यंत त्या मुलांना ठेके शिकवले जातात, हात पक्के करून घेतले जातात, चाल बसवली जाते. रांग कशी चालवायची हे मात्र कोणीच शिकवत नाही. चांगलं वाजवतो ना, मग चालवेल की, एवढ्यावर सगळं सोडून दिलेलं असतं.

हे सोडून देणं मला चुकीचं वाटतं, आणि ते फक्त ढोल-ताशा पथकापुरतं चुकीचं नाही. रांग चालवणं ही वाजवण्याहून वेगळी विद्या आहे. ती शिकवावी लागते, शिकायला वेळ लागतो, आणि शाळेच्या पथकात ती एकट्यादुकट्याला देऊन टाकण्याऐवजी प्रत्येक मुलाच्या वाट्याला पाळीनं आली पाहिजे. शाळा पथक का काढते, या प्रश्नाचं उत्तर मिरवणुकीच्या फोटोत शोधायचं नसेल, तर ते इथेच शोधावं लागेल.

मी आठवीत ताशाप्रमुख होते. पुण्याजवळचं तालुक्याचं गाव, शाळेच्या गणपतीची विसर्जन मिरवणूक. माझी तर्री चांगली होती, हे मला माहीत होतं आणि सगळ्यांनी ते सांगून सांगून पक्कंही केलं होतं. एसटी स्टँडच्या कोपऱ्यावर गर्दी दाटली, ओळखीचे चेहरे दिसायला लागले आणि माझा हात पळायला लागला. मला कळलंच नाही. माझ्या कानात फक्त माझाच ताशा होता. मागे ढोलांचे दोन तुकडे झाले. पुढच्या रांगा माझ्याबरोबर पळत होत्या, मागच्या जुन्या लयीतच राहिल्या होत्या, आणि मधल्या मुलांनी कोणाचं ऐकायचं ते न कळून वाजवणंच सोडलं. सर गर्दीतून आत आले. काही न बोलता त्यांनी माझ्या गळ्यातला ताशा काढला आणि शेजारच्या मुलाच्या गळ्यात घातला. मी उरलेली मिरवणूक कडेनं चालत गेले. पुढच्या वर्षी पथकात नाव दिलं नाही, आणि त्यानंतर पंचवीस वर्षं ताशाच्या कामट्या हातात धरल्या नाहीत.

सरांवर माझा राग नाही. त्यांच्यावरही तीच कल्पना लादलेली होती की पुढारी असतो किंवा नसतो. असला तर ठेवायचा, नसला तर काढायचा. पण आज मी दर शनिवारी एका शाळेच्या पथकाला मदत करायला जाते, तेव्हा पहिल्या दिवशी सातवीच्या मुलांना जे सांगते, ते मला आठवीत कोणीतरी सांगायला हवं होतं. मागे बघ. तुझी लय तुझ्या हातात नाही, शेवटच्या रांगेच्या हातात आहे.

हे अलंकार म्हणून म्हणत नाही. आवाजाला अंतर कापायला वेळ लागतो, सेकंदाला साधारण ३४० मीटर. रस्त्यावर पथक पसरलं की पुढचा ताशा आणि शेवटचा ढोल यांच्यात तीस-पस्तीस मीटर सहज पडतात. म्हणजे पुढचा ठोका मागे पोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. ऐकायला ते किरकोळ वाटतं. पण सेकंदाला दोन ठोके असा ठेका चालला असेल, तर मागचा मुलगा एका ठोक्याच्या पाचव्या भागाइतका मागे पडलेला असतो, आणि त्याचा आवाज पुढे परत यायला पुन्हा तेवढाच वेळ. त्याचा काहीच दोष नसतो. तो प्रामाणिकपणे ऐकून वाजवत असतो, म्हणूनच मागे पडतो. त्यात दोन्ही बाजूंना तीन मजली घरं असलेली गल्ली आली की भिंतींवरून उलटून येणारा आवाज वेगळाच. अशा वेळी मागच्या रांगांनी कानावर विसंबून चालत नाही, डोळ्यांनी वाजवावं लागतं. टोल (धातूची तबकडी) वाजवणाऱ्याचा हात, रांगप्रमुखाचं वर जाणारं टिपरू (ढोलाची काठी), यांच्यावर नजर ठेवावी लागते. आणि मागे तीस जण आपल्या हाताकडे बघतायत हे ज्याला ठाऊक असतं, तो हात वेगळा उचलतो. थोडा उंच, थोडा आधी, आणि दर वेळी सारखाच. सुंदर तर्री काढणाऱ्या मुलाचा हात तसा असेलच असं नाही. त्याचा हात बारीक, जलद, मनगटातून चालणारा असतो. ताशासाठी तोच योग्य. रांगेसाठी मात्र तो दिसतच नाही.

दुसरी गोष्ट चुकण्याची. रांगेत कोणीतरी चुकणारच, मुलं आहेत. नवा रांगप्रमुख पहिलं काय करतो? चुकलेल्याकडे वळून बघतो. तो वळला की सगळी रांग तिकडे वळते. एकाची चूक दहांची होते, आणि तो मुलगा पुढचे चार ठोके लाजेनंच चुकवतो. बघायचं नाही, हे शिकवावं लागतं. आपला ठोका जरा ठळक करायचा, मान हलवून सम दाखवायची, आणि चुकलेल्याला स्वतःहून परत यायला वाट ठेवायची. कोण, कुठे, का चुकलं हे लक्षात ठेवायचं ते सराव संपल्यावर त्याच्याशी बोलायला, तेही त्याच्या मित्रांसमोर नाही. तेरा वर्षांच्या मुलाला हे आपोआप सुचत नाही. पुष्कळ मोठ्या माणसांनाही सुचत नाही, हे आपण कचेऱ्यांत रोज बघतो.

आणखी एक प्रसंग सांगते, कारण रांग चालवणं किती बारीक गोष्टींत असतं हे मला त्यात दिसलं. आमच्या पथकात एक डावखुरा मुलगा आहे. टिपरू डाव्या हातात, थापी उजव्या हातानं. रांगेत उभा राहिला की त्याच्या डावीकडच्या मुलाचं टिपरू आणि याचं टिपरू एकमेकांवर आपटायचं. दोघांच्याही बोटांना लागलं. तेव्हा रांगेची पाळी नववीतल्या एका मुलीकडे होती. पहिल्या दिवशी तिनं सांगितलं, याला मागच्या रांगेत टाकू. दुसऱ्या दिवशी म्हणाली, याला उजव्या हातानं वाजवायला लावू. त्यानं तसा प्रयत्नही केला आणि त्याचा ठेका पार बिघडला. मी मध्ये पडले नाही, हे मला फार जड गेलं. तिसऱ्या शनिवारी ती स्वतः खडू घेऊन आली, जमिनीवर रांग आखली आणि त्याला डाव्या टोकाला उभं केलं. तिथे त्याच्या डाव्या हाताला शेजारीच नाही. टिपरू मोकळं बाहेर जातं. तो पहिल्या रांगेतच राहिला, कोणाच्या बोटाला लागलं नाही, आणि लांबून बघणाऱ्याला दोन्ही टोकांना बाहेरच्या बाजूनं उठणारी टिपरं दिसायला लागली, ती दिसायलाही देखणी. तिला हे कोणी सांगितलं असतं तर ती ते करून मोकळी झाली असती. पण तीन आठवडे तिनं एका मुलाच्या हातांचा विचार केला, आणि मला वाटतं त्या वर्षी शाळेत तिनं शिकलेली ती सगळ्यांत मोठी गोष्ट होती.

हे प्रगतिपुस्तकात कुठे लिहिणार? कुठेच नाही. आपल्याकडे संगीत शिकलेल्या मुलाची दखल घ्यायची पद्धत आहे, नाही असं नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आहेत, प्रारंभिकेपासून विशारदपर्यंत, आणि गावोगावची हजारो मुलं त्यांना बसतात. शास्त्रीय कलांत प्रावीण्य मिळवणाऱ्यांना दहावीला वाढीव गुण मिळतात. त्या परीक्षांबद्दल मला आदर आहे, माझी बहीण त्यांतूनच शिकली. पण त्या सगळ्या एकट्याच्या परीक्षा आहेत. मूल परीक्षकांसमोर एकटं बसतं, राग मांडतं, ताल हातावर देऊन दाखवतं. शेजारच्याला सांभाळून घेण्याचा, स्वतःचा आवाज खाली आणून दुसऱ्याचा वर येऊ देण्याचा तिथे प्रश्नच येत नाही. आणि ज्याला गुण नाहीत त्याला आमच्या शाळांत वेळही नसतो.

एकट्याचं कौतुक करण्याची ही सवय आपल्या संगीतात जुनी आहे. मध्य प्रदेशातल्या मैहरला सरोदवादक बाबा अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी १९१८ च्या सुमारास साथीत अनाथ झालेल्या मुलांना गोळा करून एक वाद्यवृंद उभा केला, त्यासाठी बंदुकांच्या नळ्यांचं नलतरंग बनवलं. बाबांचे एकट्यानं वाजवणारे शिष्य, रविशंकर, अली अकबर, आपल्याला तोंडपाठ आहेत. त्या बँडमधल्या एका मुलाचं नाव आपल्यातल्या किती जणांना सांगता येईल? मला येत नाही.

पण समूहात वाजवण्याची, समूह चालवण्याची विद्या आपल्याकडे नव्हती असं कोणी म्हणू लागलं तर मी त्याला आषाढात वारीच्या वाटेवर घेऊन जाईन. दिंडी बघा. मध्ये वीणेकरी, मृदंगी, दोन्ही बाजूंना टाळकऱ्यांच्या रांगा, पुढे झेंडेकरी. चाल एक जण उचलतो, बाकीचे झील धरतात. चोपदारानं चोप उंचावला की हजारोंचा आवाज एका क्षणात थांबतो, त्याला ओरडावं लागत नाही. टाळकरी पावलीत मागेपुढे होताना समोरच्याच्या पायांकडे आणि टाळाकडे बघतात, स्वतःच्या टाळाकडे बघणारा मला कधी दिसला नाही. डोळ्यांनी वाजवायचं असतं हे मी वर मीटर आणि सेकंद मोजून सांगितलं, ते वारकऱ्यांना मोजल्याशिवाय कळलेलं आहे.

त्याहून मोठं शिक्षण गावच्या सप्ताहात मिळतं. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस आणि सात रात्री वीणा खाली ठेवायची नसते. ती कोणाच्या तरी गळ्यात असतेच. म्हणून पहारे लावतात. भिंतीवर यादी असते, अमक्या वेळेपासून अमक्या वेळेपर्यंत कोण. रात्री दोनचा पहारा एखाद्या शेतकऱ्याचा, पहाटे चारचा शिंप्याचा, दुपारचा कॉलेजातल्या पोराचा. वीणा गळ्यातून गळ्यात जाते तेव्हा देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. वय, जात, मान काही न बघता. ज्याच्या गळ्यात वीणा तो त्या वेळेपुरता मध्यभागी उभा. वेळ झाली की उतरवायची, दुसऱ्याला द्यायची, आणि पुन्हा टाळ घेऊन कडेला जाऊन उभं राहायचं. सगळ्यांत गोड गळा कोणाचा आहे यावर पहारा ठरत नाही. ज्याचा गळा बरा नाही त्यालाही दोन तास वीणा सांभाळावी लागते. आणि ज्यानं एकदा रात्री दोनचा पहारा केला आहे, तो दुसऱ्याच्या पहाऱ्याला टाळ वाजवताना झोपत नाही, कारण मध्ये उभं राहिल्यावर कडेचा टाळ ढिला पडला की कसं वाटतं हे त्यानं भोगलेलं असतं.

शाळेच्या पथकात नेमकं हेच हवं. प्रमुखपद पाळीनं फिरवल्याचा सगळ्यांत मोठा फायदा प्रमुखाला होत नाही, रांगेत परतलेल्याला होतो. आमच्याकडे हे मी तीन वर्षं बघते आहे. पाळी करून आलेली मुलं वेगळी वाजवतात. इशारा यायच्या आधी वर बघतात. मध्येच टिपरू आपटून गंमत करत नाहीत. नव्या प्रमुखाचा हात डळमळला तर त्याला हसण्याऐवजी स्वतःचा ठोका जरा ठाम करून त्याला धरतात. हे भाषणानं येत नाही, नियमांनी तर नाहीच.

यावर मला पहिला आक्षेप शाळेच्या सरांकडूनच आला, आणि तो गंभीर आहे. स्पर्धा असते, मिरवणूक असते, संस्थेचे पदाधिकारी बघायला येतात. तिथे सगळ्यांत चांगला मुलगा पुढे नसेल तर पथक पडतं आणि ते सगळ्याच मुलांच्या मनाला लागतं. बरोबर आहे. रस्त्यावर कोसळलेल्या पथकाचं दुःख मला कोणी नव्यानं सांगायला नको. म्हणून मी पाळी सरावाला मागते. जुलैपासून गणपतीपर्यंत, पुन्हा दिवाळीनंतर जानेवारीपर्यंत, दर सरावाची पहिली वीस मिनिटं एका नव्या मुलाची. त्या वेळात मोठ्यांनी मैदानाबाहेर बसायचं, पुढे येऊन दुरुस्त करायचं नाही. प्रत्यक्ष दिवशी कोण पुढे असावं हे तेव्हा ठरवा, आणि बघा, तुम्ही जुलैत ज्याचं नाव घेतलं असतं त्याचंच नाव घेता का. आमच्याकडे तीन वर्षांत एकदाही तसं झालं नाही. एका वर्षी ज्या मुलाकडे रांग गेली तो वाजवण्यात चौथा-पाचवा असेल. पण गर्दीत तो तापला नाही, त्याची लय पळाली नाही, आणि पुढच्या चौकात थांबायचं आहे हे त्याला सगळ्यांच्या आधी दिसायचं. पाळी नसती तर हे कोणाला कळलंच नसतं, त्यालासुद्धा नाही.

दुसरा आक्षेप मोठ्या माणसांचा, की हे सगळं शिकवणार कोण? इथे मात्र शाळेकडे बोट दाखवून चालणार नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ चा. त्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत असं लिहिलं आहे. शंभराहून जास्त असतील तर, आणि तेही अंशकालीन. वाडीवस्तीवरच्या छोट्या शाळेतल्या मुलाला कलेचा शिक्षक मिळण्याचा हक्कच कायद्यानं दिलेला नाही, आणि जिथे दिला आहे तिथे अर्ध्या दिवसाचा, तुटपुंज्या मानधनाचा आणि उद्या राहील की नाही याची खात्री नसलेला माणूस. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कलेचं महत्त्व सांगणारी पानं आहेत, ती मी आस्थेनं वाचली. पण ज्या माणसाला पुढच्या जूनमध्ये आपण याच शाळेत असू का हे माहीत नाही, तो मुलांची तीन वर्षं डोळ्यांसमोर ठेवून कशाला काही उभारेल? तो दोन महिन्यांत उठून दिसेल असं काहीतरी बसवून देतो. त्याला तेच परवडतं. मग चांगलं वाजवणारा पुढे, बाकीचे मागे, फोटो चांगला. प्रमुख दोन मिनिटांत निवडला जातो त्याचं मूळ मला सरांच्या स्वभावापेक्षा या मानधनात दिसतं.

पुण्याला तर हे सगळं विसरण्याचा अधिकारच नाही. आज गणेशोत्सवात शेकड्यांनी दिसणारी ढोल-ताशा पथकं शहरात रुजली ती शाळांमधून. आसपासच्या गावांमधले ढोल आधीपासून मिरवणुकीत येत होतेच, तिथलेच जाणते वादक शाळेतल्या मुलांचे पहिले गुरू. ज्ञानप्रबोधिनी, रमणबाग, विमलाबाई गरवारे या शाळांच्या पथकांनी विद्यार्थ्यांना ढोल दिले आणि शहरात एक परंपरा सुरू झाली. ज्ञानप्रबोधिनी १९६२ मध्ये काढणारे आप्पा पेंडसे मानसशास्त्राचे अभ्यासक, मुलांमधून समाजासाठी नेतृत्व घडवावं या ध्यासानं शाळा उभी करणारे. अशा माणसाला पथकाचं महत्त्व वाटलं ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. आज पथकांची चर्चा कशावर होते? २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं एका पथकात तीसच जण असावेत असं म्हटलं, सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली, आणि सगळे आवाजावर आणि आकड्यांवर भांडले. आवाजाचा प्रश्न खरा आहे, रुग्ण आणि म्हातारी माणसं खरी आहेत, मी स्वतः मुलांना कानात कापूस घातल्याशिवाय वाजवू देत नाही. पण दोनशे ढोल असावेत की तीस, या वादात कोणीही असं विचारलं नाही की त्या रांगांमध्ये उभं राहून मुलं काय शिकतायत. मला विचाराल तर शाळेच्या पथकाला तीसही पुष्कळ झाले. तीस जणांत प्रत्येकाची पाळी वर्षातून येते. दोनशेंत ती कधीच येत नाही.

मुलींबद्दलही एक सांगायला हवं. मोठ्या पथकांत आता मुली कमरेला ढोल बांधून तासन् तास वाजवतात, ते बघून ऊर भरून येतो. पण मी पाहिलेल्या शाळांमध्ये अजूनही मुलींना झांज, लेझीम आणि ध्वज सुचवला जातो आणि ताशा, ढोल आपोआप मुलांकडे जातात. मग लय ठरवणारी वाद्यं मुलांकडे, आणि प्रमुखपदही त्यांच्याकडेच. कोणी दुष्टपणानं करत नाही. "तिला जड होईल" असं प्रेमानंच म्हणतात. पाळीच्या यादीत मात्र प्रेमाला वाव नसतो. नाव आलं की ताशा गळ्यात घ्यायचा.

पाळीची सक्ती करावी का, याबद्दल मात्र माझं मत गेल्या वर्षी बदललं, आणि ते एका मुलीनं बदललं. सातवीतली मुलगी, बोलायला हळू, वाजवायला नेटकी. तिची पाळी इतकी चांगली झाली की मी सरांना म्हटलं, मिरवणुकीला हीच पुढे. सरही तयार झाले. तिनं दोन दिवस विचार केला आणि मला येऊन म्हणाली, "ताई, मला रांगेत तिसरीच राहू दे. तिथून मला दोन्ही बाजूंचं ऐकू येतं." मी तिला पटवायचा प्रयत्न केला, घाबरू नकोस म्हटलं. ती घाबरलेली नव्हतीच. तिला पुढे उभं राहून दिसणारं आणि तिसऱ्या जागेवरून ऐकू येणारं, दोन्ही माहीत झालं होतं आणि त्यातून तिनं निवडलं होतं. पाळी न करता तिनं हे म्हटलं असतं तर मी त्याला भिडस्तपणा समजले असते. आता सरावातली पाळी सगळ्यांना करावीच लागते. मिरवणुकीला पुढे उभं राहायचं की नाही हे ज्यानं त्यानं ठरवायचं, आणि नको म्हणणाऱ्याला का म्हणून विचारायचं नाही.

सर अजून पूर्ण पटलेले नाहीत. जानेवारीतल्या स्पर्धेला प्रमुख तेच ठरवणार आहेत, आणि दिवाळीनंतर वीस मिनिटांच्या पाळीला दहाच मिनिटं देईन म्हणतात. त्यावर आमचं बोलणं चालू आहे. तोवर ढोलांच्या खोलीत भिंतीवर नावांची यादी लावली आहे, मुलांनीच खडूनं लिहिलेली, सप्ताहातल्या पहाऱ्यासारखी. येत्या शनिवारी पहिलं नाव त्या डावखुऱ्या मुलाचं आहे. रांगेच्या डाव्या टोकावरून इशारा कोणत्या हातानं द्यायचा, म्हणजे उजवीकडच्या शेवटच्या ढोलाला तो दिसेल, हे त्याचं अजून ठरायचं आहे.